गेस्टला फॉल्ट द्यायला कचरू नकोस

प्रिय दोस्ता,

तुझ्या हायपरवायझरमधला (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) एमएसआर, म्हणजे प्रोसेसरची खास नियंत्रण रजिस्टरं, हाताळणारा कोड वाचला. अनोळखी रजिस्टर गेस्टने (व्हर्च्युअल मशीनमधल्या ऑपरेटिंग सिस्टमने) वाचलं की तू शून्य देतोस, लिहिलं की गुपचूप गिळतोस. गेस्ट बूट होतो, आपण खूश! पण खऱ्या प्रोसेसरवर नसलेलं एमएसआर वाचलं तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट (नियम मोडल्याचा प्रोसेसरचा इशारा) येतो, आणि गेस्टचा कर्नल कित्येकदा त्या फॉल्टवरूनच ओळखतो की हे फीचर इथे नाही. शून्य मिळालं की तो समजतो, फीचर आहे, फक्त बंद आहे. मग बिघाड भलतीकडेच उगवतो आणि तू तिकडे शोधत बसतोस. केव्हीएममध्ये (लिनक्सच्या हायपरवायझरमध्ये) असे अ‍ॅक्सेस दुर्लक्षित करायची सोय आहे खरी, पण ती अडल्या वेळेपुरती.

फॉल्ट दिलास तर इन्स्ट्रक्शन पॉइंटर (चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता) जागचा हलवू नकोस. तुझा कोड सरसकट पुढे सरकवतो. काम फत्ते झालं तरच सरकवायचा, तोही व्हीएमसीएस (इंटेलवर व्हर्च्युअल मशीनची स्थिती ठेवणारी रचना) सांगेल तेवढ्याच लांबीने. नाहीतर गेस्टचा हँडलर आपल्या एक्सेप्शन टेबलात (फॉल्ट अपेक्षित असलेल्या पत्त्यांच्या यादीत) चुकीचा पत्ता शोधतो, तो सापडत नाही आणि कर्नल पॅनिक होतो. शिवाय वाचलेली किंमत ईडीएक्स आणि ईएएक्स या दोन रजिस्टरांमध्ये निम्मी-निम्मी जाते. 64-बिट मोडमध्ये आरडीएक्स आणि आरएएक्स या त्यांच्याच पूर्ण रूपांचे वरचे 32 बिट शून्य व्हायला हवेत. तुझ्याकडे तिथे जुना कचरा राहतोय.

लिहिण्याची बाजू जास्त घातक. गेस्टने दिलेली किंमत परक्याची. एलस्टारसाठी (सिस्टम कॉल कुठे न्यायचा तो पत्ता ठेवणारं एमएसआर) त्याने कॅनॉनिकल नसलेला, म्हणजे प्रोसेसरच्या नियमात न बसणारा पत्ता दिला आणि तू तो तसाच खऱ्या रजिस्टरमध्ये टाकलास, तर फॉल्ट होस्टमध्ये (हायपरवायझर चालतो त्या खऱ्या मशीनच्या सिस्टममध्ये) येतो. केव्हीएममध्ये नेमकं हेच 2014 साली सापडलं, सीव्हीई-2014-3610 या सुरक्षादोषाच्या नोंदीत: गेस्टमधून होस्ट पाडता येत होता. ईएफईआरचे (64-बिट मोडसारख्या सोयी चालू करणारं एमएसआर) राखीव बिटही असेच तपास. तपासात नापास झालं की फॉल्ट गेस्टलाच.

वेगाची काळजी नंतर कर. इंटेलवर कोणती एमएसआर अडवायची ते सांगणाऱ्या बिटमॅपचं 4 केबीचं पान आहे. बिट शून्य केला की त्या रजिस्टरसाठी एक्झिट (गेस्ट थांबून हायपरवायझरकडे येणं) होत नाही. मात्र कर्नल जीएस बेस या एमएसआरला व्हीएमसीएसच्या गेस्ट स्टेटमध्ये जागा नाही, त्यामुळे ते मोकळं सोडलंस तर गेस्ट आणि होस्टच्या किमतींच्या अदलाबदलीची जबाबदारी तुझी.

आणि सीपीयूआयडीत (प्रोसेसरची फीचर्स सांगणाऱ्या इन्स्ट्रक्शनमध्ये) दाखवलेली फीचर्स व चालणारी एमएसआर एकाच तक्त्यातून काढ. सध्या ती दोन फायलींत आहेत आणि आत्ताच जुळत नाहीत. पुढच्या पॅचमध्ये आधी तेवढं कर, बाकीचं मग बघू.