एकाच दिवशी रेल्वे आणि विमान: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई-वडिलांसह आम्ही चौघे इंटरलाकेनहून सकाळी रेल्वेने निघून झ्युरिकहून दुपारी साडेबाराच्या विमानाने प्रागला जाणार आहोत. किती वाजता निघावे? बाझेलहून स्वस्त विमान दिसते, ते घ्यावे का? (नाशिक)

हिशेब विमान सुटण्याच्या वेळेपासून करू नका. बॅगा घेणारा काउंटर कधी बंद होतो ते बघा आणि तिथून मागे या. कंपनीनुसार तो उड्डाणाच्या ४० ते ६० मिनिटे आधी बंद होतो, आणि एकदा बंद झाला की विनवण्या चालत नाहीत. म्हणजे तुमची खरी वेळ साडेबारा नसून साडेअकरा आहे.

इंटरलाकेन ओस्ट ते झ्युरिक विमानतळ हा साधारण सव्वादोन तासांचा प्रवास, बहुतेक वेळा बर्नला एकदा गाडी बदलून. आठच्या सुमारास निघालात तर साडेदहाच्या आत विमानतळावर असाल. बर्नची जोडगाडी हुकली तरी अर्ध्या तासात पुढची मिळते. स्विस गाड्या वेळ पाळतात हे खरे, पण नऊची गाडी धरून हा अर्धा तास उधळू नका. हॉटेलचा नाश्ता किती वाजता सुरू होतो तेही आदल्या रात्रीच विचारून ठेवा. अनेकांची गाडी तिथेच हुकते.

इंटरलाकेनला ओस्ट आणि वेस्ट अशी दोन स्टेशने आहेत. बर्नची गाडी ओस्टहून सुटते आणि काही मिनिटांत वेस्टला थांबते. हॉटेल वेस्टजवळ असेल तर ओस्टला जायची गरज नाही. मात्र चार मोठ्या बॅगा असतील तर ओस्टला रिकाम्या गाडीत निवांत चढणे सोपे पडते.

कसोटी लागते ती बर्नला. हातात दहाएक मिनिटे असतात. फलकावर गाडीच्या चित्राखाली ए, बी, सी, डी असे फलाटाचे विभाग आणि डब्याचा वर्ग दाखवतात. तुमचा वर्ग जिथे येणार तिथेच आधी जाऊन उभे राहा. गाडी दुमजली असेल तर लक्षात ठेवा, एका डब्यातून दुसऱ्यात जायची वाट वरच्या मजल्यावरून असते. चुकीच्या डब्यात चढलात तर बॅगा उचलून जिना चढावा लागतो. वडीलधाऱ्यांना घेऊन खालच्या मजल्यावरच बसा.

झ्युरिक विमानतळाचे स्टेशन इमारतीच्या खालीच आहे. चेक-इन ३ त्याच्या थेट वर आहे, पण तुमच्या कंपनीचा काउंटर १, २ की ३ मध्ये ते बोर्डिंग पासवर किंवा फलकावर बघून मगच लिफ्ट धरा. स्वित्झर्लंड आणि चेकिया दोन्ही शेंगेनमध्ये (आपसात सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात) असल्याने पासपोर्टवर शिक्का नाही, इमिग्रेशनची रांग नाही. तरी पासपोर्ट हाताशी ठेवा, गेटवर मागू शकतात. आई-वडिलांना व्हीलचेअर हवी असेल तर विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा. आयत्या वेळी मागितली तरी मिळू शकते, पण वाट बघण्यात तुमचा राखीव वेळ जातो.

आता बाझेल. इंटरलाकेनहून बाझेल एसबीबीला, म्हणजे तिथल्या मुख्य स्टेशनाला, थेट गाडी आहे, साधारण दोन तासांची. पण तिथला विमानतळ फ्रान्सच्या हद्दीत आहे आणि त्याला रेल्वे स्टेशन नाही. बाझेल एसबीबीसमोरून ५० नंबरची बस धरावी लागते. त्यातून स्वस्त तिकिटात बहुधा फक्त सीटखाली मावणारी पिशवी असते. चार जणांच्या मोठ्या बॅगांचे पैसे मिळवून बघा, फरक बराचसा विरतो. पाठपिशवीवर फिरणाऱ्या तरुणांनी बाझेल जरूर घ्यावे. तुमच्यासाठी झ्युरिकच.

प्रागच्या विमानतळालाही रेल्वे नाही. ५९ नंबरची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीनपर्यंत नेते, तिथून मेट्रोची ए लाइन जुन्या शहरात जाते.

प्रश्न : कोलोनहून आयसीईने (जर्मनीची वेगवान रेल्वे) फ्रँकफर्ट विमानतळ आणि पुढे बार्सिलोनाचे विमान. गाडीला उशीर होऊन विमान हुकले तर भरपाई कोण देते? (ठाणे)

तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर विमानाचे पैसे गेले असेच धरा. रेल्वे फक्त स्वतःच्या तिकिटापुरती बांधील असते: ६० मिनिटांपासून उशीर झाला तर २५ टक्के, १२० मिनिटांपासून पुढे ५० टक्के परत. ३० युरोच्या तिकिटावर एक तासाच्या उशिराचे साडेसात युरो मिळतात.

लुफ्थान्साच्या विमानाने जाणार असाल तर लुफ्थान्सा एक्स्प्रेस रेल ही सोय बघा. त्यात आयसीईचा टप्पा विमानाच्या बुकिंगमध्येच येतो, आणि गाडीमुळे विमान हुकले तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. वेगळेच तिकीट हवे असेल तर उड्डाणाच्या अडीच तास आधी पोहोचवणारी गाडी घ्या. प्रवास तासाभराचाच आहे. सवलतीचे तिकीट ठरलेल्या गाडीपुरतेच असते. मात्र पोहोचायला २० मिनिटे किंवा जास्त उशीर होणार असे दिसले की ते बंधन सुटते आणि दुसऱ्या गाडीने जाता येते. उशीर दाखवणाऱ्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

तिकिटावर स्टेशनचे नाव नीट वाचा. विमानतळाकडे जाणाऱ्या बऱ्याच आयसीई कॅथेड्रलजवळच्या मुख्य स्टेशनावरून न सुटता ऱ्हाइनपलीकडच्या मेसे/डॉइट्झहून, खालच्या ११-१२ नंबरच्या फलाटांवरून सुटतात. आणि फलकावर 'उमगेकेर्टे वागेनराइउंग' दिसले तर डबे उलट्या क्रमाने येत आहेत. तुमचा डबा फलाटाच्या दुसऱ्या टोकाला लागेल.

विमानालाच उशीर झाला आणि बार्सिलोनाला तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचलात, तर हे अंतर १५०० किलोमीटरच्या आत असल्याने माणशी २५० युरो कंपनीकडे मागता येतात. खराब हवामानासारखे कारण असेल तर मिळत नाहीत.

प्रश्न : लोणचे, ठेचा, पॉवर बँक कुठे ठेवावे? (कोल्हापूर)

रेल्वेत कोणी तपासत नाही, म्हणून बरणी हातातल्या पिशवीत राहते आणि थेट विमानतळाच्या तपासणीत सापडते. लोणचे, ओला ठेचा, तूप, श्रीखंड हे सगळे द्रवातच मोजतात. बहुतेक विमानतळांवर मर्यादा १०० मिलीची, आणि ती बरणीच्या मापाला आहे. मोठ्या बरणीत तळाशी दोन चमचे उरले असले तरी ती काढून घेतात. कोरडी चटणी, मेतकूट, लाडू हातातल्या बॅगेत चालतात. पॉवर बँक कधीच चेक-इन बॅगेत नको. १०० वॉट-अवरपर्यंतची हातात चालते आणि २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. इंटरलाकेनला घेतलेला स्विस चाकू मात्र चेक-इन बॅगेतच टाका, आणि हा बदल हॉटेलमध्येच करा. फलाटावर बॅगा उघडून बसू नका.