पाटीवरचा भाव, बिलावरचा भाव

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच आयफोनची किंमत, तो बनवणाऱ्या अ‍ॅपल कंपनीचं मुंबईतल्या बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुल) दुकान आणि विक्रीच्या बातम्या यांबद्दल होती. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आयफोन 17 अमेरिकेत 799 डॉलरला मिळतो आणि इथे 82,900 रुपयांना. मधले पैसे कुणाच्या खिशात जातात? भाऊ तिकडून येणार आहे, त्याच्याकडून मागवावा का? (वाचक, विलेपार्ले)

आधी पाटी वाचायची पद्धत. आपल्याकडच्या किमतीत 18 टक्के जीएसटी धरलेला असतो. अमेरिकेतल्या पाटीवर विक्रीकर नसतो, तो गल्ल्यावर लागतो. म्हणून 82,900 ला 1.18 ने भागा. उत्तर येतं 70,254. बाकीचे 12,646 रुपये सरळ जीएसटी. एक डॉलर 88 रुपये धरला तर 799 डॉलर म्हणजे 70,312 रुपये. म्हणजे साध्या मॉडेलची करापूर्वीची किंमत दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे. न्यूयॉर्क शहरात 8.875 टक्के विक्रीकर धरून तोच फोन 870 डॉलरला, म्हणजे साधारण 76,500 रुपयांना पडतो. खरा फरक उरतो सहा-साडेसहा हजारांचा.

प्रो मॉडेलचं गणित वेगळं आहे. 17 प्रो इथे 1,34,900 ला, म्हणजे जीएसटी काढून 1,14,322. तिकडे 1,099 डॉलर, म्हणजे 96,712 रुपये. इथे करापूर्वीच साडेसतरा हजारांची तफावत आहे आणि ती जीएसटीच्या माथी मारता येत नाही. भारतात महाग मॉडेलवर कंपनी जास्त भाव लावते, हे स्पष्ट म्हणायला हवं. आयात शुल्काचाही हात असायचा. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात मोबाइलवरचं मूळ सीमाशुल्क 20 वरून 15 टक्के झालं आणि काही दिवसांतच 15 प्रोची किंमत 1,34,900 वरून 1,29,800 झाली.

किंमत वाढली की नाही हे पाहताना स्टोरेज सारखं आहे का तेही बघा. आयफोन 16 आला तेव्हा 79,900 चा होता, पण 128 जीबीचा. 256 जीबीचा 89,900 ला होता. 17 ची सुरुवातच 256 जीबीपासून होते. तेव्हा ‘तीन हजारांनी महागला’ ही बातमी अर्धीच.

भावाकडून मागवण्याबद्दल : अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला 14 पासून सिमचा ट्रे नाही, फक्त ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवलेलं सिम चालतं. जिओ, एअरटेल, व्ही ई-सिम देतात, पण कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची सवय असेल तर अडचण होईल. दुरुस्तीच्या वेळी परदेशी मॉडेलचा भाग इथे न मिळण्याचीही शक्यता असते. सहा हजारांसाठी आम्ही साधं मॉडेल तिकडून मागवणार नाही. प्रोसाठी विचार करायला हरकत नाही, फक्त विमानतळावरच्या सीमाशुल्काचा हिशोब आधी करा.

प्रश्न : ‘नो कॉस्ट ईएमआय’ खरोखर फुकट असतो का? (वाचक, लालबाग)

नाही. बँक व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून हप्त्यांची बेरीज फोनच्या किमतीइतकी दिसते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बजावलं होतं.

समजा 82,900 चा फोन, सहा हप्ते, व्याज 16 टक्के. हप्ता 13,817 रुपये. तुमच्या कार्डावर कर्ज पडतं 79,164 चं, आणि 3,736 रुपये व्याज म्हणून परत वसूल होतात. या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, साधारण 672 रुपये. तो दुकानदाराने दिलेल्या सवलतीत धरलेला नसतो. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी. फी 199 असेल तर एकूण भार नऊशेच्या आसपास जातो. रक्कम मोठी नाही, पण ती दुकानात कुणी सांगत नाही, महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये कळते.

गल्ल्यावर दोन गोष्टी विचारा : एकरकमी भरले तर कार्डाची सूट किती, आणि ईएमआयवर तीच सूट टिकते का? कधी कधी एकरकमीची सूट ईएमआयला मिळत नाही. मग ‘नो कॉस्ट’ची किंमत ती हुकलेली सूट धरून मोजायची.

प्रश्न : बीकेसीतल्या कंपनीच्या दुकानातून घ्यावा की घराजवळच्या दुकानातून? (वाचक, मुलुंड)

फोन तोच, वॉरंटी तीच. कंपनीच्या दुकानात छापील किमतीवर घासाघीस होत नाही. बँकेची ऑफर असेल तेवढीच. तिथे फायदा हा की सगळी मॉडेलं आणि रंग हाताळता येतात, बिघाड झाल्यास त्यांच्याच तंत्रज्ञाची वेळ घेता येते. क्रोमा, विजय सेल्स, रिलायन्स डिजिटल किंवा अधिकृत विक्रेत्यांकडे भाव थोडा हलतो, विशेषतः नवं मॉडेल आल्यावर जुन्याचा. सप्टेंबर 2025 मध्ये 17 आला तेव्हा 16 ची किंमत 69,900 वर आली. ऑगस्टमध्ये जुनं मॉडेल पूर्ण किमतीला घेणं म्हणजे दहा हजार हातचे घालवणं.

कुठूनही घ्या, पैसे देण्याआधी खोका उलटा करून लेबल वाचा. एमआरपी, आयात करणाऱ्याचं किंवा उत्पादकाचं नाव-पत्ता, महिना-वर्ष हे छापलेलं असायलाच हवं. एमआरपी नसेल तर माल बहुधा आडमार्गाने आलेला. मॉडेल क्रमांकाच्या शेवटी एचएन/ए म्हणजे भारतासाठीचा, एलएल/ए म्हणजे अमेरिकेसाठीचा. फोन सुरू केल्यावर सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथेही हाच क्रमांक दिसतो. मग *#06# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा 15 अंकी ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. इंग्रजीत KYM, एक जागा सोडून तो 15 अंकी क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवला की फोनची नोंद कळते. हा एसएमएस दुकानातच उभं राहून पाठवा.

घोळ होतो तो वॉरंटीच्या तारखेचा. वॉरंटीचा एक वर्षाचा काळ साधारणपणे फोन पहिल्यांदा सुरू झाल्यावर मोजायला लागतात. डेमोसाठी किंवा विक्रीचं लक्ष्य गाठायला फोन आधीच सुरू करून ठेवला असेल तर तुमचे काही आठवडे गेलेले असतात. खोक्यावरचा सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून आधी तपासा. तारीख जुनी निघाली तर दुसरा खोका मागा. पक्कं बिल हाती असेल तर तारीख दुरुस्त करून मागता येते. कच्च्या पावतीवर काहीच करता येत नाही.

प्रश्न : इतकी मोठी कंपनी, मग मुंबईत स्वतःचं दुकान यायला 2023 का उजाडलं? (वाचक, गिरगाव)

नियमामुळे. एकाच ब्रँडच्या दुकानात 51 टक्क्यांपेक्षा जास्त परदेशी भांडवल असेल तर 30 टक्के माल देशातून घ्यायची अट होती. ऑगस्ट 2019 मध्ये ती सैल झाली : निर्यातीसाठी इथे केलेली खरेदीही धरली जाऊ लागली आणि दुकानाआधी ऑनलाइन विक्रीला मुभा मिळाली. त्यानंतर 23 सप्टेंबर 2020 ला ऑनलाइन दुकान, 18 एप्रिल 2023 ला बीकेसीच्या जिओ वर्ल्ड ड्राइव्हमध्ये पहिलं दुकान, दोन दिवसांनी दिल्लीत साकेतला दुसरं. सप्टेंबर 2025 मध्ये बंगळुरूचं हेब्बाळ आणि पुण्याचं कोरेगाव पार्क.

प्रश्न : ‘भारतात विक्रमी विक्री’ असं दर तिमाहीला वाचतो. नेमके किती फोन विकले हे कुठे सापडेल? थोडे शेअर घेतले आहेत म्हणून विचारतो. (वाचक, दादर)

कंपनीच्या कागदांत सापडणार नाही. डिसेंबर 2018 च्या तिमाहीपासून अ‍ॅपल फोनची संख्या जाहीर करत नाही, फक्त रक्कम सांगते. भारताची रक्कमही वेगळी नाही. तिच्या अहवालात भारत ‘युरोप’ विभागात मोडतो. म्हणजे युरोप विभाग वाढला तर त्यात जर्मनी किती आणि आपण किती, हे बाहेरच्याला वेगळं काढता येत नाही. कंपनीचं आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपतं. 2025 च्या वर्षात एकूण विक्री 416 अब्ज डॉलर होती, आदल्या वर्षी 391 अब्ज, म्हणजे जगभरची वाढ सहा टक्क्यांच्या थोडी वर.

‘विक्रम’ हा शब्द नीट वाचा. ‘जून तिमाहीचा विक्रम’ म्हणजे आजवरच्या जून तिमाहींमध्ये सर्वाधिक. ‘सर्वकालीन विक्रम’ म्हणजे कुठल्याही तिमाहीपेक्षा जास्त. मथळ्यात दोन्ही ‘विक्रमी’च होतात.

संशोधन संस्था देतात ते आकडे बहुतेक वेळा ‘शिपमेंट’चे, म्हणजे कारखान्यातून वितरक-दुकानदारांकडे गेलेल्या मालाचे. दिवाळीआधी गोदामं भरली की जुलै-सप्टेंबरचा आकडा फुगतो. माल खपला नाही तर पुढची तिमाही बसते. त्या दोन तिमाही मिळूनच पाहाव्यात.

मग हिस्सा. 100 फोन विकले, त्यातले 10 फोन 80,000 चे आणि 90 फोन 18,000 चे. संख्येत महागड्याचा हिस्सा 10 टक्के, पण 24.2 लाखांच्या एकूण रकमेत 8 लाख, म्हणजे 33 टक्के. दोन्ही आकडे खरे. बातमीत ‘मूल्यानुसार’ की ‘संख्येनुसार’ हे लिहिलेलं नसेल तर ती बाजूला ठेवा.

सगळ्यात मोठी गल्लत उत्पादनाच्या आकड्याची. तामिळनाडू-कर्नाटकातल्या कारखान्यांत बनलेल्या आयफोनची किंमत म्हणून अब्जावधी डॉलर छापून येतात. त्यातला मोठा भाग निर्यातीचा असतो. त्याचा इथल्या खपाशी संबंध नाही. भारतीय उपकंपनी कंपनी निबंधकांकडे एप्रिल ते मार्चचा ताळेबंद दाखल करते. देशातल्या धंद्याचा त्यातल्या त्यात भरवशाचा आकडा तोच. फक्त तो उशिरा येतो, आणि अमेरिकेतल्या मूळ कंपनीच्या ऑक्टोबर ते सप्टेंबर वर्षाशी त्याची थेट तुलना करू नका.

प्रश्न : दुकानदाराने एमआरपीपेक्षा जास्त घेतले, तक्रार कुठे करायची? (वाचक, गोरेगाव)

बिल आणि खोक्यावरच्या लेबलाचा फोटो घेऊन राज्याच्या वैध मापन शास्त्र विभागाकडे. जोडीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही.