४एफ आणि ५एफ: बंध कुठे वेगळा पडतो?

प्रश्न: लँथनाइड (सिरियम, युरोपियम यांसारखी मूलद्रव्ये) आणि अ‍ॅक्टिनाइड (थोरियम, युरेनियम, अमेरिशियम यांसारखी मूलद्रव्ये) आवर्त सारणीत एकाखाली एक असताना सेंद्रिय-धातू (धातू-कार्बन बंध असलेल्या संयुगांच्या) रसायनशास्त्रात त्यांचा वेगळा विचार का करतात?

लँथनाइडांचे ४एफ कक्षक (अणूत इलेक्ट्रॉन वावरतात ते भाग) ५एस आणि ५पी कक्षकांच्या आड दडलेले असतात. बंधनिर्मितीत त्यांचा वाटा अत्यल्प असल्याने लिगंड (धातूला जोडलेले रेणू वा आयन) मुख्यतः विद्युत आकर्षणानेच धातूला धरून राहतात आणि +३ ही ऑक्सिडीकरण अवस्था (अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले ते दाखवणारा अंक) प्रबळ ठरते. अ‍ॅक्टिनाइडांचे ५एफ कक्षक अधिक दूरवर पसरलेले असतात. म्हणूनच युरेनियमला +३ पासून +६ पर्यंतच्या अवस्था सहज घेता येतात.

प्रश्न: युरेनियमच्या बंधांत सहसंयुजता (इलेक्ट्रॉनांची भागीदारी) अधिक असते, हे प्रयोगाने दाखवता येते का?

निश्चित दाखवता येते. तीन मिथिलसायक्लोपेंटाडायनिल वलये (पाच कार्बनांची) आणि एक ट्रायमिथिलफॉस्फीन (फॉस्फरसमार्फत जोडला जाणारा रेणू), असे अगदी सारखे लिगंड असलेली सिरियम आणि युरेनियम यांची +३ अवस्थेतील संयुगे घ्या. युरेनियम आयनाची त्रिज्या सिरियमपेक्षा किंचित मोठी आहे, त्यामुळे बंध निव्वळ आयनिक, म्हणजे फक्त विद्युत आकर्षणाचा, असता तर युरेनियम-फॉस्फरस अंतर थोडे जास्त भरायला हवे होते. स्फटिकांच्या क्ष-किरण अभ्यासात मात्र सिरियमसाठी सुमारे ३०७, तर युरेनियमसाठी सुमारे २९७ पिकोमीटर (मीटरचा एक लाख-कोटीवा भाग) अंतर मिळते. हे दहा पिकोमीटर मला फार मोलाचे वाटतात, कारण लिगंड आणि भार तेच असून त्रिज्याही जवळजवळ तीच असल्याने फरकाचे कारण धातूच्या इलेक्ट्रॉनांतच शोधावे लागते: युरेनियम फॉस्फीनच्या रिक्त कक्षकांना इलेक्ट्रॉन घनता परत देते. कार्बन मोनॉक्साइडही हेच सांगतो. ट्रायमिथिलसिलिल गट असलेल्या तीन वलयांच्या युरेनियम संयुगाला तो जोडला गेला, की त्याची ताण-कंपनसंख्या प्रति सेंटिमीटर २१४३ वरून १९७६ पर्यंत उतरते, म्हणजे युरेनियमने परत दिलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे कार्बन-ऑक्सिजन बंध सैल होतो.

प्रश्न: मग सर्वच अ‍ॅक्टिनाइड लँथनाइडांपेक्षा असे वेगळे असतात का?

नाही, आणि इथे सरसकट विधान टाळावे. थोरियमच्या +४ अवस्थेत ५एफ इलेक्ट्रॉनच नसतात, त्यामुळे लिगंडला परत द्यायला काही उरत नाही. उलट अणुक्रमांक वाढत जातो तसे ५एफ कक्षक आकसतात, आणि अमेरिशियमपासून पुढे +३ अवस्था स्थिरावून वर्तन लँथनाइडांसारखे होते. अमेरिशियम आणि युरोपियम यांच्या आयनांचा आकारही जवळपास सारखाच असल्याने वापरलेल्या अणुइंधनातून ते वेगळे करणे अवघड जाते. तिथे नायट्रोजनयुक्त मृदू (इलेक्ट्रॉन सहज वाटून घेणारे) लिगंड उपयोगी पडतात, कारण अमेरिशियम त्यांना किंचित अधिक घट्ट धरून ठेवते.