साडेनऊ लाखांची एस-क्लास आणि देवगडची पाणंद

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी देवगड तालुक्यातला हापूस बागायतदार, वय 41. मुंबईत एक मर्सिडीज एस 500 पाहून आलोय. 2009 ची, पेट्रोल, 78,000 किलोमीटर चाललेली, काळी. मालक साडेनऊ लाख म्हणतोय. एवढ्याच पैशात नवी छोटी गाडी येते, आणि घरच्यांचं म्हणणं तीच घ्यावी. पण लहानपणी गणपतीला गावात एक चाकरमानी अशी गाडी घेऊन आला होता, तेव्हापासून डोक्यात आहे. घर डांबरी रस्त्यापासून दोनशे मीटर आत, मध्ये जांभ्याची पाणंद. महिन्याला सहाशेच्या आसपास किलोमीटर होतील. घेऊ का? खरं सांगा.
– एक बागायतदार, ता. देवगड

उत्तर : खरं सांगायचं तर तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मला हसू आलं, कारण 2014 साली मीही हेच केलं होतं. माझी गाडी दुसऱ्या कंपनीची, त्याच देशातली, सहा सिलिंडरची. नाव सांगत नाही, जे झालं त्यात तिचा दोष थोडा आणि माझा जास्त होता. कुडाळात तेहतीस वर्षं गॅरेज चालवणारा माणूस गाडी बघून भुलला, तर तुमचं काय चुकलं?

आधी पेट्रोलचं उरकतो, कारण सगळे तेच विचारतात. 5461 सीसीचं व्ही-8 इंजिन आहे, 388 अश्वशक्तीचं. कंपनीच्याच आकड्याने शंभर किलोमीटरला 12 लिटरच्या आसपास जातं. आपल्या रस्त्यांवर लिटरला सात धरा. सहाशे किलोमीटरला 86 लिटर, म्हणजे महिन्याला नऊ हजार. एका पेटीच्या भावावर घासाघीस करणाऱ्या माणसाला हे टोचेल, पण पेट्रोलपायी अशी गाडी विकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. नवी होती तेव्हा ती बंगल्याच्या किमतीची होती आणि पार्ट आजही त्या बंगल्याचेच आहेत. इंजिनात ऑईल साडेआठ लिटर. प्लग आठ, कॉइल आठ. टायर 255/45 आर 18, आणि जांभ्याची धार अशा बुटक्या टायरची बाजू कशी फाडते ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून साडेनऊ लाखांत गाडी घेताय असं समजू नका. वर निदान चार लाख बँकेत बाजूला ठेवा आणि त्याला हात लावू नका. चार निघत नसतील तर इथेच थांबा आणि घरच्यांचं ऐका.

या गाडीला स्प्रिंग नाहीत. चारही कोपऱ्यांना हवेच्या रबरी पिशव्या आहेत, एक कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो. चालताना म्हणून तर ती होडीसारखी जाते. पण रबर ते रबरच. पंधरा वर्षांत त्याला बारीक चिरा पडतात, हवा हळूहळू निघते, आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा धावत राहतो. शेवटी पिशवीबरोबर तोही जळतो. माझ्या गाडीचा एकच कोपरा बसला होता, तेव्हा बिल 70,000 झालं. मी स्वतः मेकॅनिक असून.

तपासायची पद्धत सांगतो, स्कॅनर (गाडीला जोडून बिघाड वाचायचं यंत्र) लागत नाही. संध्याकाळी गाडी सपाट जागेवर उभी करायला सांगा. चाकाच्या वर आणि मडगार्डच्या कमानीखाली किती बोटं मावतात ते चारही ठिकाणी बघा आणि कागदावर लिहा. सकाळी कोणी इंजिन सुरू करायच्या आत पुन्हा बघा. एखाद्या कोपऱ्याला संध्याकाळी तीन बोटं आणि सकाळी एक, तर पिशवी गेली. मालक म्हणेल, ‘ह्या गाड्या थोड्या बसतातच.’ नाही बसत. एका रात्रीत नाही. मुंबईत एक रात्र काढायला लागली तरी काढा.

मग थंड इंजिन सुरू करताना बोनेटजवळ उभे राहा. या इंजिनाच्या 2006 च्या आसपासच्या सुरुवातीच्या गाड्यांत टायमिंग चेनचं एक दातेरी चाक लवकर झिजायचं. 2009 ची त्यातली नसावी, तरी चेनचा खडखडाट ऐकून घ्या. गिअरबॉक्स सात गिअरचा ऑटोमॅटिक आहे. हळू चालवताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटका येतो का पाहा, आणि त्याचं ऑईल कधी बदललं त्याचं बिल मागा. ‘लाइफटाइम ऑईल आहे’ असं कोणी म्हणालं तर विचारा, कोणाचं लाइफ?

आता कागद, कारण इथे तुम्ही फसू शकता. 2009 च्या गाडीची पंधरा वर्षं 2024 लाच संपली. पुढच्या पाच वर्षांचं पासिंग झालंय का, आरसी बुकात तारीख काय आहे, ते आधी बघा. झालं नसेल तर भाव पाडायला तुमच्याकडे मुद्दा आहे. ते करताना ग्रीन टॅक्स येतो, आणि नूतनीकरणाची फी साध्या कारला 5,000 असली तरी आयात केलेल्या गाडीला 40,000 आहे. ही गाडी आयात म्हणून नोंदलेली आहे का, ते आरसीवर वाचूनच घ्या. विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता 1500 सीसीच्या वर सगळ्यांना एकच, 7,897 रुपये. साडेपाच लिटरच्या इंजिनाला आणि शेजारच्या दोन लिटरवाल्याला सारखाच. या गाडीत तुम्हाला स्वस्त पडेल अशी ही एकच गोष्ट. झिरो डेप, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारा विमा, इतक्या जुन्या गाडीला सहसा देत नाहीत.

पण तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच ओळीची. ‘महिन्याला सहाशे किलोमीटर.’ म्हणजे बाकीचे दिवस ती उभी राहणार. कुठे? शेड आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही.

माझी उभी राहायची खळ्यात, फणसाखाली. मुंबईचे लोक म्हणतील, वा, सावली. पहिल्या पावसाळ्यात पंधरा दिवस मी तिला हात लावला नाही. मग एका रात्री दोन वाजता हॉर्न वाजायला लागला. आपोआप, आणि थांबेना. चारही इंडिकेटर लागलेले, वायपर कोरड्या काचेवर फिरतायत, आणि वाडीतली सगळी कुत्री गोल करून भुंकतायत. शेजारचे तात्या कंदील घेऊन आले आणि गडग्यापलीकडूनच, म्हणजे दगडी कुंपणापलीकडूनच, ओरडले, ‘गाडयेत भूत शिरलां की काय रे?’ बॅटरीचं टर्मिनल काढलं तेव्हा गप्प झाली.

सकाळी पुढच्या काचेखालची जाळी उघडली. पाणी वाहून जायचं भोक फणसाच्या पानांनी आणि त्या काळ्या कुजक्या मातीने गच्च बुजलेलं. त्यातून एक बेडूक निघाला, उडी मारून गेला. वर तळं साचलं होतं आणि तिथून पाणी सरळ इलेक्ट्रॉनिक कंट्रोलच्या डब्यात. अशा गाडीत हॉर्नचा एक डबा, दिव्यांचा एक, सीटचा एक, आणि सगळे एकमेकांशी बोलतात. एक भिजला की सगळे बडबडायला लागतात. मी तो डबा काढून तांदळाच्या पिंपात ठेवला. बायको आठवडाभर बोलली नाही, आणि उपयोग शून्य. एका मोठ्या वर्कशॉपने डबा नवाच घ्या म्हणून दीड लाख सांगितले. शेवटी कोल्हापुरात टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका मुलाने भिंगाखाली बोर्ड धरला, हिरवं चढलेले पाय घासून पुसून नव्याने डाग दिले आणि 4,500 घेतले. गगनबावड्यातून उतरताना मी गाणी लावून आलो.

तेव्हापासून माझा नियम असा : झाडाखाली नाही, पत्र्याची का होईना शेड, आणि मिरगाच्या आधी एकदा, मग पाऊसभर दर पंधरवड्याला ती जाळी बोटाने साफ. सनरूफच्या चार कोपऱ्यांतली भोकंही. आठवड्यातून एकदा निदान चाळीस किलोमीटर सलग. नुसतं जागेवर इंजिन सुरू करून पाच मिनिटांत बंद करणं म्हणजे न चालवण्यापेक्षा वाईट, सायलेन्सरमध्ये पाणी धरतं. तुम्हाला देवगड ते नांदगाव तिठा जाऊन येणं पुरेसं होईल, वाटेत चहा. बॅटरीला बारीक चार्जर लावून ठेवा, या गाड्या झोपेतही करंट पितात. आणि टाकी भरून उभी करू नका असं कोणी सांगेल, त्याचं ऐकू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. समुद्राकाठी रिकाम्या टाकीत ओली हवाच भरलेली असते. शिवाय 2009 च्या गाडीचे पाइप या मिश्रणासाठी बनलेले नाहीत, तेव्हा बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येतो का ते बघायची सवय लावा.

खारी हवा वरून दिसत नाही. बोनेट ॲल्युमिनियमचं आहे, ते चकाकत राहील. गंज खाली धरतो, ब्रेकच्या पाइपांना आणि अर्थिंगच्या बोल्टना. कुणकेश्वरच्या वाळूवर गाडी नेऊन फोटो काढायचा मोह होईल. काढा, पण घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याचा फवारा मारा.

पाणंदीचं राहिलं. गाडी सव्वापाच मीटरच्या आसपास लांब आणि पावणेदोन मीटरहून रुंद. एक बटण दाबून ती जरा वर उचलता येते, ती सोय आहे. पण वळणावर गडगा कुठे आहे, ते बागेतल्या टेम्पोवरून ठरवू नका. दोन काठ्या आणि सुंभ घ्या, गाडीच्या मापाचा चौकोन करा आणि दोघांनी धरून पाणंदीतून चालत घरापर्यंत या. कुठे अडलं तर दोन चिरे हलवावे लागतील. गडगा सामाईक असेल तर आधी भावकीला विचारा. चेष्टा नाही, माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे, त्याची गाडी घरापर्यंत पोचायला आठ महिने लागले.

तर घ्या की नको? शेड, बाजूला चार लाख, आणि आठवड्याची फेरी, ही तीन असतील आणि बोटांची परीक्षा पास झाली, तर घ्या. साडेनऊ मात्र देऊ नका. पावसाळ्याच्या तोंडावर अशा गाड्यांना मुंबईत कोणी विचारत नाही, तेव्हा आठवर बोला. आणि सौदा करायच्या आधी वहिनींना एकदा मागच्या सीटवर बसवून हायवेला फिरवा. माझ्या घरी विरोध तिथेच अर्धा झाला होता. उरलेला तांदळाच्या पिंपानंतर परत आला, ते वेगळं.

प्रश्न : दिल्ली पासिंगची 2016 ची तीन लिटर डिझेल जर्मन सलून महाराष्ट्रातल्या भावाच्या निम्म्यात मिळते आहे. काही गडबड?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : स्वस्ताईचं कारण उघड आहे. राजधानी परिसरात दहा वर्षांच्या पुढच्या डिझेल गाड्या नकोत, असा हरित लवादाचा 2015 चा आदेश, तो सर्वोच्च न्यायालयाने 2018 ला कायम ठेवला होता; 2025 मध्ये त्याच न्यायालयाने ही सक्ती सैल केली. त्या आदेशाच्या धास्तीने दहाच्या जवळ आलेली गाडी तिथला मालक घाईने काढत आलाय. गडबड नसू शकते, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म 28, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इथे एमएच 08, म्हणजे रत्नागिरीचं पासिंग, करताना महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागेल, डिझेलचा दर पेट्रोलहून जास्त. तो धरून हिशेब करा, ‘निम्मी’ बरीच वर येईल. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये फिरलेली असेल तर धुराचा फिल्टर काजळीने भरलेला असू शकतो, तो स्कॅनरवर बघून घ्या. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ बघा, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला. 22 जुलै 2021 चा पूर पाहिलेल्या चिपळूणकराला ती रेघ कशी दिसते हे मी शिकवायला नको.

प्रश्न : गाडीच्या लेदर सीटवर पावसात पांढरी बुरशी येते. खोबरेल लावू का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नको हो! खोबरेलाने बुरशीला जेवण मिळतं, आणि उंदरांनाही. ओल्या फडक्याने पुसा, पंख्याखाली कोरडं करा, मग लेदरचं क्रीम अगदी पातळ. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा अर्धा तास एसी लावून गाडी चालवा, आतली ओल एसीच ओढतो. पायाखालचा गालिचा उचलून दाबून बघा. पाणी निघालं तर सीट सोडा, आधी सनरूफची भोकं साफ करा.