मागच्या सीटवर कोण बसणार, ते आधी ठरवा : गाडीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही कराडला राहतो. घरात मी, मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा, अडीच वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय). बजेट ऑन-रोड पन्नास लाखाच्या आसपास. मर्सिडीज जीएलए, बीएमडब्ल्यू एक्स१ आणि ऑडी क्यू३ या तीन गाड्या डोक्यात आहेत, मिस्टरांना डिझेल हवंय. रोज मी क्लिनिकला चार किमी जाते-येते, महिन्यातून एकदा पुणे आणि वर्षातून सात-आठ वेळा सगळे मिळून कुंभार्ली घाटातून चिपळूणजवळच्या गावी. कुठली घ्यावी? सर्व्हिसिंगला पुण्याला न्यायची तयारी आहे.

उत्तर : ताई, तुम्ही घरातल्या माणसांची वयं लिहिलीत, गुडघ्याचं लिहिलंत, रस्ता लिहिलात हे फार बरं केलंत, कारण बहुतेक पत्रांत नुसती तीन गाड्यांची नावं असतात आणि "कुठली भारी" एवढंच विचारलेलं असतं. भारी तिन्ही आहेत. तिघींना युरो एनकॅपचे (युरोपातली क्रॅश टेस्ट) पाच स्टार मिळालेत, आणि जीएलए तर आपल्या चाकणलाच बनते, क्यू३ छत्रपती संभाजीनगरला आणि एक्स१ चेन्नईला, त्यामुळे बाहेरून आणलेली गाडी म्हणून जास्तीची ड्युटी वगैरे भानगड नाही.

पण मला तुमच्या पत्रात पहिल्यांदा दिसली ती मागची सीट. मिस्टर चालवणार, तुम्ही शेजारी, म्हणजे मागे सासूबाई, मुलगा आणि चाइल्ड सीटमधली मुलगी असे तिघं. चाइल्ड सीट गाडीला घट्ट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक मागे कडेच्या जागांवर असतात, मधे नाही, म्हणजे एक कड मुलीची, दुसरी कड सासूबाईंची आणि मुलगा मधे, जिथे पायाखाली फ्लोअरचा उंचवटा येतो (क्यू३ला क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद जाते, तिच्यात तो जरा जास्तच जाणवतो). नऊ वर्षांचा आहे तोवर बसेल हो, पण गाडी तुम्ही सात-आठ वर्षं वापरणार आणि तो तेव्हा सोळा-सतराचा असेल.

म्हणून शोरूमला जाताना सगळ्यांना घेऊन जा आणि चाइल्ड सीटही सोबत न्या, ती बसवून बघा. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आम्ही गाडी बघायला गेलो तेव्हा सेल्समनने तिला कौतुकाने पुढच्या सीटवर बसवलं, ती छान बसली, सगळे खूश. मागे बसवायचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही. गाडी घरी आल्यावर कळलं की मागचं दार खालच्या बाजूला अरुंद आहे, ती आधी बूड टेकवते आणि मग एकेक पाय हाताने उचलून आत घेते, तेव्हा ऑपरेशनवाला पाय दर वेळी दाराच्या कडेला अडतो, आणि पावसाळ्यात तिथला चिखल सगळा साडीच्या काठाला. तर सासूबाईंना मागे बसवा, तेही घाई न करता, दोनदा चढू-उतरू द्या, मांडीखाली सीटचा आधार कुठपर्यंत येतो ते त्यांनाच विचारा, आणि गाडी शोरूममध्ये नव्हे, रस्त्याच्या कडेला उभी असताना हे करून बघा.

या हिशेबाने तिघींत मला क्यू३ तुमच्यासाठी जास्त बरी वाटते. मागची सीट पुढे-मागे सरकते, पाठ कलती करता येते, डिकी ५३० लिटरची. २.० लिटर टर्बो पेट्रोल, १९० पीएस, पाच माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना ही ताकद कामाला येते. एक्स१च्या १८आय पेट्रोलमध्ये दीड लिटरचं तीन सिलेंडरचं इंजिन आहे, १३६ पीएस, चौघांना व्यवस्थित पुरतं, भरल्या गाडीने घाटात ओव्हरटेक करताना मात्र जरा थांबून विचार करावा लागेल. जीएलए २०० चं १.३ लिटर इंजिन १६३ पीएसचं आहे, गाडी आतून देखणी आहे, पण ती मी नवरा-बायको आणि एक मूल अशा घराला सुचवीन.

आता डिझेल. एक्स१च्या १८डीला मायलेज सुंदर आहे, लांबच्या रनिंगला मी डोळे झाकून तीच सांगितली असती. पण तुमचं रोजचं रनिंग चार किमीचं. बीएस६ (प्रदूषणाचे सध्याचे नियम) डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो, ती काजळी जळून जायला इंजिन चांगलं गरम होऊन काही वेळ सलग चालावं लागतं, क्लिनिकपर्यंत जाईस्तोवर ते होत नाही. मग वॉर्निंग लाइट लागतो आणि गाडी हायवेला काढून पळवून आणायची. वर आपल्याकडे वीस लाखाच्या पुढच्या गाडीला वैयक्तिक नावावर रोड टॅक्स पेट्रोलला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के, म्हणजे ४३ लाख एक्स-शोरूमवर सरळ ८६ हजारांचा फरक. मिस्टर फर्मच्या नावावर घ्यायचं म्हणत असतील तर टॅक्स २० टक्के लागतो, आधी सीएंना विचारा. एक टक्का टीसीएसही (डीलर बिलातच घेतो तो इन्कम टॅक्स) द्यावा लागेल, तो रिटर्न भरताना जमा धरला जातो, त्याची पावती जपून ठेवा.

स्टेपनी नक्की बघा, हे मी प्रत्येकाला सांगतो. या सेगमेंटमध्ये बऱ्याचदा बारीक, तात्पुरतं चाक मिळतं, ८० च्या वर पळवायचं नाही असं त्यावरच लिहिलेलं असतं. मागच्या पावसाळ्यात घाट उतरल्यावर पाण्याखालच्या खड्ड्यात आमचा टायर बाजूने फाटला. स्टेपनी लावली, पण काढलेलं मोठं चाक स्टेपनीच्या जागेत मावेना, शेवटी चिखलासकट डिकीत सामानावर ठेवलं आणि दोन बॅगा मुलांच्या मांडीवर आल्या. त्या साइझचा टायर तिथे मिळाला नाही, दोन दिवसांनी आला. म्हणून टायरचा साइझ लिहून घ्या आणि कराड-चिपळूणमध्ये दोन दुकानांत मिळतो का ते बुकिंगच्या आधी विचारा. शक्य असेल तर मोठ्या रिमचं मॉडेल टाळा.

आणि ताई, एक मनापासून सांगू? गावी जाताना कायम पाच जण असणार असाल तर बजेटच्या आसपासच बसणारी स्कोडा कोडिअ‍ॅक एकदा चालवून बघा. २.० लिटर टर्बो पेट्रोल, २०४ पीएस, ४x४, मागची सीट ऐसपैस. तारा किंवा चार रिंगा नसतील बॉनेटवर, पण सासूबाई आणि मुलगा दोघंही सुखाने बसतील. सासूबाई तिच्यात सहज चढल्या तर मी तीच घेईन.

प्रश्न : एक्स१ इलेक्ट्रिकमध्येही आहे म्हणतात. आम्ही चौघं, ठाणे, सोसायटीत स्वतःचं पार्किंग आहे. घ्यावी का?

उत्तर : पार्किंगला चार्जर बसवायची सोसायटीची परवानगी हातात असेल तर जरूर. आयएक्स१ लाँग व्हीलबेस, म्हणजे तीच इलेक्ट्रिक एक्स१, जानेवारी २०२५ मध्ये आली, पेट्रोलवाल्यापेक्षा दोन चाकांतलं अंतर दहा सेंटीमीटरहून जास्त आहे आणि ती सगळी जागा मागच्या माणसाच्या पायांना मिळते. इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के आहे, पेट्रोल-डिझेलच्या या गाड्यांना सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. कागदावर रेंज ५३१ किमी आहे, एसी आणि घाट धरून तेवढी मोजू नका. बॅटरी फ्लोअरखाली असते त्यामुळे मागे बसल्यावर गुडघे थोडे वर येतात का, ते घरातल्या उंच माणसाला अर्धा तास बसवून बघा.

प्रश्न : सहा वर्षं जुनी लक्झरी एसयूव्ही निम्म्या किमतीत मिळतेय, ३८ हजार किमी फिरलेली. फसवणूक तर नाही ना?

उत्तर : टायरच्या बाजूला चार आकडे असतात, शेवटचे दोन वर्ष आणि पहिले दोन आठवडा, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. तीन टायर एका वर्षाचे आणि चौथा वेगळा असेल, तर कधीतरी काय झालं होतं ते विचारा. चारही टायर नवेकोरे असतील तर ३८ हजारावर शंका घ्या. चॅसी नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिस हिस्टरी काढा, मालक द्यायला काचकूच करत असेल तर सोडून द्या. घेतलीत तरी दोनेक लाख बाजूला ठेवूनच घ्या, किंमत निम्मी झाली तरी पार्ट नव्याच्याच भावाने मिळतात.

प्रश्न : मुलं मागे बेल्ट लावायला ऐकत नाहीत. गाडीला सात एअरबॅग आहेत, लक्झरी गाडीत एवढं चालतं ना?

उत्तर : नाही चालत. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले ते महागड्या, सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या गाडीत मागच्याच सीटवर होते, आणि बेल्ट लावलेला नव्हता असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. आणि सनरूफमधून मुलांना उभं करणं तर आजपासून बंदच करा. आमच्याकडे सगळ्यांचे बेल्ट लागल्याशिवाय गाडी गिअरमध्ये टाकत नाही, पहिला आठवडा रडारड झाली, आता धाकटीच आजीचा बेल्ट ओढून लावून देते.