दीड लिटरची अल्फा साडेचार लिटरच्या फेरारीपेक्षा जास्त का प्यायची?

प्रश्न थोडक्यात असा: १९५१च्या ग्रां प्री गाड्यांच्या तक्त्यात अल्फा रोमिओ १५९चं इंजिन दीड लिटरचं दिलंय आणि फेरारी ३७५चं साडेचार लिटरचं. तरी इंधन अल्फाला जास्त लागायचं असंही लिहिलंय. आकड्यांची अदलाबदल झालीय का?

नाही, आकडे बरोबर आहेत. सीसीवरून, म्हणजे इंजिनच्या आकारमानावरून, त्याची भूक ठरवायला गेलं की हा गोंधळ होतोच.

आधी सीसी तपासून घेऊ. बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा) वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक (पिस्टनची धाव), सगळं मिलिमीटरमध्ये. त्याला १००० ने भागलं की एका सिलिंडरचे सीसी मिळतात. अल्फाचा बोअर ५८, स्ट्रोक ७०, म्हणजे सिलिंडरला १८४.९, आठ सिलिंडरचे मिळून १४७९. फेरारी ८० बाय ७४.५, म्हणजे ३७४.५, बारांचे ४४९४. फेरारीच्या नावातला ३७५ हा एकाच सिलिंडरचा आकडा आहे. फेरारीच्याच २५० जीटीओचंही तसंच: ७३ बाय ५८.८, सिलिंडरला २४६, एकूण २९५३. तक्त्यावर भरवसा नसेल तर असं मोजून बघा, छपाईच्या निम्म्या चुका इथेच सापडतात.

त्या काळच्या नियमात दोन वाटा होत्या: सुपरचार्जर (इंजिनमध्ये दाबाने हवा कोंबणारा पंप) लावा आणि दीड लिटरमध्ये बसा, नाहीतर सुपरचार्जरशिवाय साडेचार लिटरपर्यंत जा. आता इंजिनमधून जाणारी हवा मोजा. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरतं. फेरारी मिनिटाला ७००० फेऱ्यांवर, पूर्ण भरते असं धरलं, तर साधारण १५,७०० लिटर हवा ओढते. अल्फा ९३०० फेऱ्यांवर नुसती ६,९०० लिटर ओढेल. पण दोन टप्प्यांचा सुपरचार्जर ती हवा वातावरणाच्या अडीच-तीनपट दाबाने आत कोंबतो. म्हणजे झाली १७ ते २० हजार लिटर! हवेच्या हिशेबात 'छोटं' इंजिन मोठ्याच्या पुढे गेलं. शिवाय सुपरचार्जर फिरवायला शंभरावर अश्वशक्ती इंजिनलाच द्यावी लागते. तिच्यासाठीही इंधन जळतं, पण ती चाकापर्यंत पोचत नाही.

खरी मेख मात्र इंधनात आहे. अल्फा चालायची मुख्यतः मिथेनॉल या अल्कोहोलवर. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो मिथेनॉलला जेमतेम साडेसहा. त्यामुळे तेवढ्याच हवेसाठी मिथेनॉल वजनाने सव्वादोनपटीहून जास्त आणि लिटरमध्ये दुपटीहून थोडं जास्त लागतं. मग हा उपद्व्याप कशाला? थंडाव्यासाठी. मिथेनॉलची वाफ होताना ते किलोमागे पेट्रोलच्या जवळपास तिप्पट उष्णता शोषतं. वर सव्वादोनपट जास्त वापर धरला तर थंडावा सातपटीच्या घरात जातो. एवढ्या दाबाने कोंबलेली गरम हवा पेट्रोलवर जाळली असती तर इंजिन नॉक करून (मिश्रण आपोआप अवेळी पेटून) पिस्टनला भोकं पडली असती. त्यात मिक्स्चर मुद्दाम रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) ठेवायचे, म्हणजे इंधनाचा एक हिस्सा केवळ व्हॉल्व्ह आणि पिस्टन थंड ठेवण्यात खर्ची पडायचा.

परिणाम: गॅलनला साधारण दीड मैल, म्हणजे लिटरला अर्धा किलोमीटर! १४ जुलै १९५१च्या सिल्वरस्टोनच्या शर्यतीत ९० लॅप होते, अंतर सुमारे ४१८ किलोमीटर. या हिशेबाने पावणेआठशे लिटरच्या वर इंधन, वजन सहाशे किलोच्या पुढे. एवढी टाकी बसवायची कुठे? मागच्या शेपटीत भरली की सुरुवातीला गाडीचा मागचा भाग जड, आणि टाकी रिकामी होत जाईल तशी गाडीची वागणूक बदलत जाते. म्हणून फान्जिओची अल्फा दोनदा पिटमध्ये आली. गोन्झालेसच्या फेरारीचं एका थांब्यात भागलं आणि तो ५१ सेकंदांनी जिंकला. सुपरचार्जर सोडून मोठं, कमी पिणारं इंजिन करायचं ही फेरारीचा इंजिन-रचनाकार लाम्प्रेदी याची भूमिका. माझ्या मते त्या दिवशी ताकदीपेक्षा याच हिशेबाने जास्त काम केलं. (त्या वर्षीचं विजेतेपद तरीही फान्जिओ आणि अल्फानेच नेलं.)

१९५८ पासून अल्कोहोल बंद होऊन विमानाचं पेट्रोल सक्तीचं झालं, शर्यतीही आखूड झाल्या. त्यामुळे त्यापुढच्या गाड्यांच्या टाक्यांची तुलना या गाड्यांशी करू नका.

आता ज्यांच्याकडे स्वतःची जुनी गाडी आहे त्यांच्यासाठी. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचं इंजिन ६८ बाय ७५, म्हणजे १०८९ सीसी. एक मिलिमीटर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकले की ते ११२२ होतं. एवढ्याने टाकी लवकर रिकामी होत नाही. सध्याच्या ई२० ने (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने) मात्र होते: लिटरमागे ऊर्जा सुमारे ७ टक्के कमी आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (इंधन सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिक्स्चर लीन, म्हणजे इंधन कमी पडतं. इंजिन तापतं, पिकअप अडखळतो. मेन जेट एक नंबर वाढवून प्लगचा रंग बघा. पांढरट असेल तर अजून लीन आहे. जुने रबरी पाइप फुगून आतून सुटतात, त्यांचे तुकडे फिल्टरमध्ये आणि जेटमध्ये अडकतात. म्हणून आधी पाइप बदला, मगच जेटला हात लावा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली इंधनाची वाटी) रिकामं करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी तळातून गंजते. मिथेनॉल त्याहून वाईट, ते अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमही खातं. त्यावर चालणाऱ्या गाडीची सगळी लाइन शर्यत संपल्यावर पेट्रोलने धुऊन काढावीच लागते.

आणि टाकीचा आकडा गॅलनमध्ये असेल तर गॅलन कुठला ते बघा. ब्रिटिश ४.५४६ लिटर, अमेरिकन ३.७८५. जॅग्वार ई-टाइपची १४ ब्रिटिश गॅलनची टाकी ६३.६ लिटरची, अमेरिकन समजून रूपांतर केलंत तर ती ५३ वर येते.