कॉम्प्युटरवर अनोळखी कनेक्शन दिसतंय, तक्रार कुणावर करू?

प्रश्न : मी घरून हिशेबाचं काम करते. काही व्यापाऱ्यांची बिलं आणि बँक स्टेटमेंट माझ्या कॉम्प्युटरवर असतात. गेल्या आठवड्यात नेट अडकलं म्हणून नेटवर्क कनेक्शनची यादी उघडली, तर नेहमीच्या वाय-फायशेजारी 'इथरनेट २' नावाचं आणखी एक कनेक्शन दिसलं. त्याखाली 'टॅप-विंडोज अ‍ॅडॅप्टर व्ही९' असं लिहिलेलं होतं. त्यावर बहुतेक वेळा लाल फुली असते, पण रविवारी रात्री ती नव्हती. दोन महिन्यांपूर्वी एका दुरुस्तीवाल्याने घरी न येता, लांबूनच मशीनचा ताबा घेऊन प्रिंटर चालू करून दिला होता. त्याला विचारलं तर म्हणतो, "ते विंडोजचंच असतं, लक्ष देऊ नका." सुट्टीच्या दिवशी माझा कॉलेजात जाणारा भाचाही हाच कॉम्प्युटर वापरतो. नवरा म्हणतो, सगळं फॉरमॅट करून टाक. मी दुरुस्तीवाल्यावर पोलिसांत तक्रार करू का? आणि माझ्या कनेक्शनवरून कुणी काही गैर केलं असेल तर मी अडकेन का?

उत्तर : सगळ्यात आधी, फॉरमॅट करू नका. ते कनेक्शन डिलीटही करू नका. तुमच्या प्रकरणात आज जो काही पुरावा आहे तो त्या मशीनमध्येच आहे, आणि तो तुमच्या विरुद्ध नसून तुमच्या बाजूचा असण्याची शक्यता जास्त आहे. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत पक्षकार बहुतेक वेळा घाबरून मशीन 'साफ' करून मगच येतात. मग घटना घडली की नाही हेच सिद्ध करता येत नाही.

आता ते कनेक्शन काय आहे ते बघू, कारण ते कळल्याशिवाय कायद्याचं एकही कलम लावता येणार नाही. विंडोज स्वतःहून काही आभासी कनेक्शन तयार करते हे खरं आहे. 'ब्लूटूथ नेटवर्क कनेक्शन', 'वाय-फाय डायरेक्ट व्हर्च्युअल अ‍ॅडॅप्टर' किंवा 'वॅन मिनिपोर्ट' अशी नावं दिसली तर घाबरण्याचं कारण नसतं. राऊटर बदलला की 'नेटवर्क २', 'नेटवर्क ३' अशीही नावं येतात. 'टॅप-विंडोज अ‍ॅडॅप्टर' मात्र विंडोजबरोबर येत नाही. व्हीपीएनचं, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्याच कॉम्प्युटरमार्गे फिरवून नेणारं, सॉफ्टवेअर मशीनमध्ये टाकलं की त्याच्यासोबत ते येतं. काही अँटिव्हायरस पॅकेजांत व्हीपीएन जोडलेलं असतं, त्यातूनही ते येऊ शकतं. म्हणजे दुरुस्तीवाल्याचं उत्तर चुकीचं आहे. पण चुकीचं उत्तर देणं आणि गुन्हा करणं यांत बरंच अंतर आहे. त्याला खरोखरच ठाऊक नसेल, किंवा विषय टाळायचा असेल.

लाल फुलीचा अर्थ असा, की त्या अ‍ॅडॅप्टरमधून त्या क्षणी काहीच जात-येत नाही. फुली नव्हती त्या रात्री व्हीपीएन चालू होतं. आता मला तुम्हाला विचारायचं आहे : त्या रविवारी कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं? भाचा सुट्टीच्या दिवशी येतो असं तुम्हीच लिहिलंय. घरी किंवा कॉलेजात बंद असलेली एखादी साइट किंवा गेम उघडायला मुलं फुकटचं व्हीपीएन टाकतात, हे अगदी सर्रास घडतं. शिवाय लांबून मशीन चालवण्याच्या सॉफ्टवेअरला सहसा टॅप अ‍ॅडॅप्टरची गरज लागत नाही. त्यामुळे माझा कल आज तरी दुरुस्तीवाल्यापेक्षा भाच्याकडे जास्त आहे. पण हा कल आहे, निष्कर्ष नाही, आणि तो तपासण्याची सोय तुमच्याच मशीनमध्ये आहे.

विंडोज प्रत्येक नव्या ड्रायव्हरची, म्हणजे अ‍ॅडॅप्टरसारखं उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, नोंद एका फाइलमध्ये ठेवते. 'सी' ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात 'आयएनएफ' नावाचा फोल्डर आहे, त्यात 'सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग' ही फाइल मिळेल. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि ती प्रत नोटपॅडमध्ये उघडा. शोधण्याच्या चौकटीत 'टॅप०९०१' हा शब्द इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत टाइप करा. टॅप-विंडोज अ‍ॅडॅप्टरची ही ओळखखूण आहे. जिथे तो शब्द सापडेल तिथेच 'सेक्शन स्टार्ट' अशी ओळ असते आणि तिच्यापुढे तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत दिलेली असते. त्याखाली बऱ्याचदा 'सीएमडी' अशी ओळ दिसते, तीत कोणत्या प्रोग्रॅमने हा ड्रायव्हर बसवला त्याचा पत्ता असतो. एकाहून जास्त नोंदी सापडल्या तर सगळ्यात जुनी महत्त्वाची, कारण विंडोजचं मोठं अपडेट झालं की काही ड्रायव्हर नव्याने बसवले जातात. मग ती तारीख दुरुस्तीवाल्याच्या बिलाच्या किंवा त्याला पैसे पाठवल्याच्या मेसेजच्या तारखेशी ताडून बघा. हे काम शांतपणे केलंत तर तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर मिळेल.

हे करण्याआधी फोनने फोटो काढून ठेवा : कनेक्शनची यादी, त्या कनेक्शनवर डबल क्लिक केल्यावर उघडणारी स्टेटसची चौकट (किती डेटा गेला-आला तो आकडा तिथे असतो), आणि बसवलेल्या प्रोग्रॅमची तारखेप्रमाणे लावलेली यादी. अनोळखी व्हीपीएन किंवा दूरनियंत्रणाचा प्रोग्रॅम दिसला तर नाव लिहून घ्या. फोटो झाले की मशीनचं इंटरनेट तोडा. बँकेचे आणि ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून बदला, आजच. याला वकिलाच्या सल्ल्याची वाट बघायची नाही.

आता कायदा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याचं कलम ४३ वाचलं तर त्याचा सगळा भार एका गोष्टीवर आहे : मालकाची किंवा कॉम्प्युटरचा ताबा असलेल्या व्यक्तीची परवानगी होती की नाही. परवानगीशिवाय मशीनमध्ये शिरणं, माहिती उतरवून घेणं, घातक प्रोग्रॅम टाकणं, दुसऱ्याला शिरायला मदत करणं, इतकंच नव्हे तर मशीनमध्ये छेडछाड करून स्वतः वापरलेल्या सेवेचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं, हे सगळं त्यात येतं. याची भरपाई मागता येते. आणि हेच काम अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेलं असेल तर कलम ६६ प्रमाणे तो गुन्हा होतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तपास करायला न्यायालयाची परवानगी लागत नाही. जामीनपात्रही आहे.

तुम्ही दुरुस्तीवाल्याला परवानगी दिली होती, पण कशासाठी? प्रिंटर चालू करण्यासाठी. तेवढ्या कामासाठी मशीन हातात देणं म्हणजे नंतर कधीही मागच्या दाराने यायची मुभा देणं नव्हे. त्या दिवशी त्याने तुम्हाला न सांगता व्हीपीएन किंवा पुन्हा शिरण्याची सोय बसवली असेल, तर मूळ परवानगीची सबब त्याला पुढे करता येणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या दोघांत फोनवर किंवा मेसेजवर काय बोलणं झालं ते म्हणूनच जपा. 'प्रिंटर चालत नाही' हा तुमचा साधा मेसेज इथे परवानगीची मर्यादा दाखवणारा पुरावा आहे.

भाच्याचं निघालं तर चित्र वेगळं आहे. त्याला कॉम्प्युटर वापरायची मुभा तुम्हीच दिलेली आहे. गेमसाठी व्हीपीएन टाकण्यात तुम्हाला फसवण्याचा हेतू नसतो, त्यामुळे कलम ६६ तिथे पोचत नाही. तो विषय घरातच सुटेल. पण हलकाही घेऊ नका, आणि इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

फुकटच्या काही व्हीपीएन आणि 'नेट वाटून घ्या' छापाच्या प्रोग्रॅमांचा धंदा असा चालतो, की तुम्ही त्यांची सेवा वापरता आणि त्या बदल्यात ते तुमचं कनेक्शन भलत्याच माणसांना वापरू देतात. तो माणूस जगात कुठेही असो, समोरच्या वेबसाइटला पत्ता दिसतो तो तुमचा. त्याने कुणाला फसवलं, धमकी दिली, तर पोलीस आधी आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचा क्रमांक, शोधतात, इंटरनेट कंपनीकडून तो कुणाच्या नावावर आहे हे मागवतात, आणि तुमच्या दारात येतात. बिल तुमच्या नावावर आहे एवढ्याने तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. फौजदारी कायद्यात कृत्य कुणी केलं आणि कोणत्या हेतूने केलं हे फिर्यादी पक्षाला सिद्ध करावं लागतं. पण ते होईपर्यंतचा त्रास तुमचाच असतो : चौकशीची नोटीस, मशीन जप्त, काम ठप्प.

त्या त्रासातून वाचवणारी मोठी गोष्ट म्हणजे आधीच्या तारखेची तक्रार. पोलीस तुमच्याकडे येण्याआधी तुम्ही स्वतःहून 'माझ्या मशीनवर असं आढळलं' हे लेखी कळवलेलं असेल, तर तुमच्या बोलण्याला वजन येतं. म्हणून तुम्ही 'करू का' विचारलं त्याला माझं उत्तर 'करा' असंच आहे, फक्त दुरुस्तीवाल्याचं नाव आरोपी म्हणून घालू नका. अर्जात तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं तेवढंच लिहा. साधारण असं :

"दिनांक अमुक रोजी माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर मी न बसवलेलं 'टॅप-विंडोज अ‍ॅडॅप्टर' आढळलं. ते कधी आणि कुणी बसवलं याची मला माहिती नव्हती. सोबत फोटो आणि नोंदीच्या फाइलची प्रत जोडली आहे. अमुक तारखेला एका तंत्रज्ञाने दूरून मशीन हाताळलं होतं. घरातील अन्य व्यक्तीही ते वापरतात. माझ्या कनेक्शनचा गैरवापर झाला असल्यास तपास व्हावा."

तारीख ताडल्यावर भाच्यानेच कबूल केलं, तर अर्जाची गरज उरेलच असं नाही. मात्र तो प्रोग्रॅम नेट वाटून देणाऱ्या जातीचा निघाला तर अर्ज द्याच, आणि तो कुणी बसवला तेही त्यात खरं लिहा. भाच्याला वाचवायला खोटं लिहिलंत तर तुम्ही दोघं अडचणीत याल.

अर्ज सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर भरता येतो, किंवा कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येतो. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ पुढे टिकत नाही. पोच घ्या. नोंद घेतली नाही तर तीच माहिती पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र अर्ज लिहीत बसू नका, आधी सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, १९३० ला, फोन करा. तिथे मिनिटांना किंमत आहे.

नाव न घालण्याबद्दल इतकं आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन सरकारी अधिकाऱ्याला कुणाच्या मागे लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा आहे. प्रामाणिक संशयाला ते लागू होत नाही, पण 'प्रामाणिक' हे दाखवायची वेळ तुमच्यावर का यावी? आणि कृपा करून ओळखीच्या ग्रुपवर 'या माणसाकडून कॉम्प्युटर दुरुस्त करून घेऊ नका, हा हॅकर आहे' असं लिहू नका. तिथून कलम ३५६, म्हणजे बदनामी, सुरू होते. त्या माणसाचं पोट त्याच्या नावावर आहे.

तारीख दुरुस्तीवाल्याच्याच दिवसाची निघाली तर गोष्ट गंभीर होते. मशीन वापरणं थांबवा आणि जाणकाराकडून हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत हॅश मूल्यासकट (प्रतीत काही बदललेलं नाही हे दाखवणारा, ठशासारखा आकडा) काढून घ्या. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि हॅश मूल्य त्यात नमूद करावं लागतं. पोलिसांनी मशीन ताब्यात घेतलं तर पंचनाम्यात तेच हॅश मूल्य लिहून घ्यायची विनंती करा आणि जप्तीच्या यादीची प्रत मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण करणं त्यांना बंधनकारक आहे. तुमचं प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तर फौजदारी तक्रारीशिवाय न्यायनिर्णय अधिकाऱ्यांकडे भरपाईचा अर्जही करता येतो. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या सचिवांकडे ते काम असतं आणि पाच कोटींपर्यंतचे दावे तिथे चालतात.

राहिले तुमचे व्यापारी. त्यांची बँक स्टेटमेंट त्या मशीनवर आहेत आणि माहिती गुप्त ठेवण्याची अट तुमच्या करारात किंवा ई-मेलमध्ये कुठेतरी असणार, ती काढून वाचा. ड्रायव्हरची नोंद तपासून झाली की दोन दिवसांत त्यांना लेखी कळवा : काय आढळलं, कधी आढळलं, कोणत्या फाइली त्या मशीनवर होत्या, तुम्ही काय पावलं उचलली. 'चोरी झाली' असंही लिहू नका आणि 'काळजीचं काही नाही' असंही लिहू नका, कारण यातलं काहीच अजून तुम्हाला माहीत नाही. त्यांनी पासवर्ड बदलावेत एवढं मात्र स्पष्ट सांगा. त्यांना हे दुसऱ्याकडून कळलं तर काम जाईलच, वर नोटीसही येईल. पत्राचा मसुदा तयार झाला की पाठवण्याआधी मला दाखवा.